कसणाऱ्याच्या नावाचा रकाना

5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीतून पंतप्रधानांनी किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता सोडला. देशभरातल्या सुमारे 9 कोटी 40 लाख शेतकऱ्यांच्या खात्यांत मिळून 20 हजार कोटी रुपये गेले. राज्य सरकारच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पाचवा हप्ताही त्याच वेळी सुटला, तो सुमारे 2 हजार कोटींचा. सोयाबीन सोंगणीचे दिवस होते. ज्यांच्या नावावर सातबारा आहे, त्यांच्या मोबाइलवर दोन-दोन हजारांचे संदेश आले. त्या दिवशी शेतात विळा घेऊन वाकलेल्या बऱ्याच जणांच्या मोबाइलवर काहीच आलं नाही, कारण ते ज्या वावरात राबत होते त्या वावराच्या कागदावर त्यांचं नाव नव्हतं.

पोहरादेवी मानोरा तालुक्यात आहे. त्याला लागून कारंजा तालुका, आणि त्या तालुक्यात धनज बुद्रुक. सोयाबीन, तूर, कपाशी, रब्बीत ओल असेल तर हरभरा, असं इथलं पीक. तालुक्यात अडाण प्रकल्प आहे, पण बहुतेक शिवार आजही पावसावरच. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा शेतकरी आत्महत्यांच्या यादीतल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. म्हणून गेल्या वीस वर्षांत पॅकेज, कर्जमाफी, अनुदान, निधी या नावांनी जे जे निघालं, ते ते इथवर आलं. 2006 मध्ये पंतप्रधानांनी या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज दिलं. योजनांचा दुष्काळ इथे कधी नव्हता. माझा प्रश्न वेगळा आहे: आलेला पैसा पेरणाऱ्याच्या हाती गेला, की जमिनीच्या कागदाच्या हाती?

या तालुक्याला शेतमालाच्या कायद्यांचा इतिहास जुना आहे. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 मध्ये कारंज्यात सुरू झाला. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या कारभाराखाली होता. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावात मिळावा, ही त्यामागची मोठी गरज होती. शेतकऱ्याला त्यातून चोख वजनमाप मिळालं, हेही खरं. पण कायदा करताना समोर कोण धरला होता, हे विसरून चालत नाही. आजच्या योजनांनाही मी तोच प्रश्न विचारतो.

आधी हिशेब मांडू. धनजच्या शिवारात पाच एकर कोरडवाहू वावर आहे असं धरा. मालक अमरावतीला किंवा पुण्याला राहतो, छोटी नोकरी करतो, आयकर भरण्याइतकं त्याचं उत्पन्न नाही. गावातला दुसरा माणूस हे वावर मक्त्याने करतो. आमच्याकडे याला मक्ता म्हणतात, ठोका म्हणतात, उत्पन्नात वाटणी असेल तर बटई. पाडव्याच्या आसपास बोली होते, रक्कम पेरणीआधी द्यावी लागते, आणि कागद होत नाही. बी-बियाणं, नांगरट, वखरणी, पेरणी, फवारणी, निंदण, सोंगणी, मळणी, सगळा खर्च करणाऱ्याचा. पाऊस बुडवून गेला तर तोटाही त्याचाच, कारण मक्त्याची रक्कम आधीच दिलेली असते.

आता सरकारी पैसा बघा. किसान सन्मानचे वर्षाला 6 हजार आणि नमो योजनेचे 6 हजार, दोन्ही मालकाच्या खात्यात. 2023 च्या खरिपात भाव पडल्याबद्दल राज्याने सोयाबीन आणि कापूस उत्पादकांना अर्थसाहाय्य जाहीर केलं: 0.2 हेक्टरपर्यंत सरसकट हजार रुपये, त्यापुढे हेक्टरी 5 हजार, मर्यादा दोन हेक्टर. एकूण तरतूद 4,194 कोटी. आपल्या पाच एकरांचे, म्हणजे दोन हेक्टरांचे 10 हजार झाले. तेही मालकाचे. ज्याने ते सोयाबीन पिकवलं, बाजारात नेलं आणि पडलेल्या भावाने विकलं, त्याला यातलं काही नाही. भाव पडल्याची भरपाई अशा माणसाला मिळाली ज्याने त्या हंगामात एक पोतंही विकलं नव्हतं. पुढच्या वर्षी, 2024 मध्ये, सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात दर साधारण चार हजारांच्या आसपास रेंगाळत होते. हमीभाव केंद्रावर माल द्यायचा तर पीकपेऱ्याची नोंद असलेला सातबारा लागतो. म्हणजे मालकाच्या दारात जाऊन सातबारा मागायचा, आधार मागायचं, माल त्याच्या नावावर घालायचा, आणि पैसे त्याच्या खात्यातून आपल्याकडे येण्याची वाट बघायची. बहुतेक मालक पैसे देतात. गावातले संबंध असतात, शब्द असतो. पण सरकारचा पैसा नागरिकाला दुसऱ्याच्या भलेपणावर मिळावा, ही व्यवस्था मला मान्य नाही.

या सगळ्यात एकच अनुदान त्या माणसापर्यंत बिनबोभाट पोचतं. ते म्हणजे खताचं. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, डीएपीची गोणी 1,350 ला. खरी किंमत त्याहून कितीतरी जास्त आहे, मधला फरक केंद्र सरकार कंपनीला देतं. कृषी केंद्रातल्या पॉस यंत्रावर अंगठा लावला की गोणी मिळते, सातबारा कुणी मागत नाही. याही अनुदानात खोट आहे: ज्याच्याकडे पाणी आहे आणि ऊस-केळी आहे, तो जास्त गोण्या उचलतो, म्हणून जास्त अनुदान घेतो. कोरडवाहू सोयाबीनवाल्याच्या वाट्याला थोडंच येतं. तरी कागदाशिवाय, फक्त शेती करणारा म्हणून, सरकारचा पैसा माणसापर्यंत पोचू शकतो, हे खताच्या दुकानात रोज सिद्ध होतं.

मग कागद का होत नाही? याचं उत्तर साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या एका चांगल्या कायद्यात आहे. विदर्भासाठी 1958 मध्ये कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम झाला आणि 1 एप्रिल 1961 या दिवसापासून कुळांना जमिनीची मालकी मिळण्याची वाट मोकळी झाली. कसेल त्याची जमीन, हे तत्त्व घोषणेतून कायद्यात उतरलं. हजारो घरं त्यामुळे उभी राहिली, आणि त्या कायद्याला नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण त्या वर्षांची धास्ती मालकांच्या घरांत आजही मुरलेली आहे. आजोबांची जमीन कुळात गेली, ही गोष्ट नातवापर्यंत पोचलेली असते. म्हणून तो मक्त्याचा कागद करत नाही. काही जण एकाच माणसाला सलग दोन-तीन वर्षं वावर देत नाहीत, दरवर्षी माणूस बदलतात. पुढच्या वर्षी हे वावर आपल्याकडे राहील की नाही याचा भरवसा नसलेला माणूस त्यात शेणखत का टाकेल, बांध का घालेल? जमिनीचंही त्यात नुकसान होतं.

मालक सगळे गबर जमीनदार आहेत असं समजू नये. कारंजा तालुक्यात वावर मक्त्याने देणाऱ्यांत म्हातारं जोडपं असतं, ज्यांची मुलं शहरात आहेत. नवरा गेलेली बाई असते, जिला एकटीने पेरणी झेपत नाही. दोन एकरांत भागत नाही म्हणून पुण्याला सुरक्षारक्षक झालेला तरुण असतो. त्यांची भीती खोटी नाही, मक्त्याचा पैसा त्यांच्या पोटाचा आहे. दोन गरीब माणसांत एक कागद व्हायला हवा आणि कायद्याच्या भीतीने तो होत नाही, असं हे दुखणं आहे.

सातबाऱ्याचा जुना कागद कुणाकडे जपून ठेवलेला असेल तर काढून बघा. वर गाव नमुना सात, त्यात भोगवटादार, क्षेत्र, आकार, इतर हक्क, बोजा. खाली गाव नमुना बारा, पिकांची नोंदवही: वर्ष, हंगाम, पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन. आणि उजवीकडे, शेऱ्याच्या अलीकडे, एक अरुंद रकाना असे: ‘जमीन करणाऱ्याचे नाव’. म्हणजे मालक कोण हे लिहून झाल्यावर प्रत्यक्ष कसतो कोण, हेही लिहायची सोय महसूल खात्याने करून ठेवली होती. शिवाय गाव नमुना सात-ब म्हणून आणखी एक नोंदवही आहे. खातेदाराखेरीज दुसऱ्याच कुणाची वहिवाट पीक पाहणीत आढळली, तर चौकशी करून ती नोंद तिथे व्हावी, असा तिचा हेतू. पण तो रकाना बहुधा मालकाच्याच नावाने भरला जाई. तलाठ्याने दुसरं नाव लिहिलं की मालक भांडायला येणार, कज्जे सुरू होणार. ते कुणालाच नको होतं.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. कल्पना उत्तम होती. पण ॲपमध्ये नोंद खातेदाराच्या नावाने होते. 15 एप्रिल 2025 पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, सक्तीचा झाला आणि तोही सातबाऱ्याला बांधलेला आहे. ज्याच्या नावे गुंठाभर जमीन नाही त्याला हा क्रमांक मिळत नाही, मग तो दहा एकर मक्त्याने करत असला तरी. भारताच्या 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात, जे एम. एस. स्वामीनाथन यांच्या आयोगाच्या शिफारशींतून आलं, शेतकऱ्याच्या व्याख्येत कुळं, वाटेकरी, शेतमजूरही धरले आहेत. धोरणात एक शेतकरी आणि संगणकात दुसरा, अशी आज स्थिती आहे.

पीक विम्याची तऱ्हा याहून बोलकी आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत 2016 पासूनच मक्त्याने वा वाट्याने शेती करणारा पात्र आहे. महाराष्ट्रात त्याला अट आहे: नोंदणीकृत भाडेकरार जोडावा. जो मालक साध्या कागदावर सही करायला धजत नाही, तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन करार नोंदवेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून खरा करणारा बाहेर राहतो. आणि आत कोण येतं? राज्याने 2023 मध्ये एक रुपयात विमा दिला. 2022 च्या खरिपात 96 लाखांच्या आसपास असलेले अर्ज 1 कोटी 70 लाखांच्या घरात गेले. त्यांत वाढीव क्षेत्राचे, सरकारी जमिनीवरचे, देवस्थानच्या जमिनीवरचे, मालकाला पत्ताच नसलेले अर्ज सापडले. 2025 मध्ये ती योजना गुंडाळावी लागली आणि शेतकऱ्याला पुन्हा खरिपासाठी दोन टक्के हप्ता सुरू झाला. जालना जिल्ह्यात अतिवृष्टीच्या अनुदानातला गैरव्यवहारही 2025 मध्येच उघड झाला. कागदावरच सगळं चालतं तिथे कागद तयार करू शकणारा जिंकतो, आणि वावरात असणारा हरतो.

ज्या अनुदानाबद्दल लिहिताना हात जड होतो त्याकडे येतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला राज्य सरकार एक लाख रुपये देतं: 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयाने अटी ठरल्या. मृताच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या तरी नावे शेतजमीन हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं. समिती बसते, कागद बघते आणि घर पात्र किंवा अपात्र ठरवते. आता विचार करा. मक्त्याने वावर करणाऱ्या भूमिहीन माणसाला बँक पीककर्ज सहसा देत नाही, कारण तारण नाही. तो कृषी केंद्रवाल्याकडून उधार घेतो, नातेवाइकाकडून घेतो, बिगरपरवाना सावकाराकडून घेतो. जमीन नाही आणि कर्जाचा कागद नाही, या दोन्ही अटींवर त्याचं घर बाद होतं. सगळ्यात जास्त जोखीम घेऊन शेती करणारा माणूस मेल्यावर शेतकरी म्हणून मोजलाही जात नाही. या एका अटीत बदल करायला मोठा पैसा लागत नाही. गावातल्या चार जणांचा पंचनामा पुरे.

जमिनीचा मालक आणि करणारा एकच असला तरी वाटप न्याय्य होतं असं नाही. 2008 च्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंत पूर्ण माफी होती, त्यावरच्यांना एकरकमी परतफेडीवर 25 टक्के सूट. बागायती भागात दोन हेक्टरांत घर चालतं. वऱ्हाडात सात-आठ एकर कोरडवाहू असलेला माणूसही गरीबच असतो, पण तो ‘इतर शेतकरी’ ठरला. महालेखापरीक्षकांनी 2013 च्या अहवालात दाखवलं की तपासलेल्या नमुन्यातली तेरा टक्क्यांच्या वर पात्र खाती वगळली गेली होती, आणि लाभ मिळालेल्यांतली साडेआठ टक्के अपात्र होती. 2024 मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत केली. 44 लाख ग्राहक, वर्षाला 14,760 कोटींचा भार. ज्याच्या वावरात विहीरच नाही त्याचा या पैशात वाटा शून्य. ठिबक-तुषारला लहान शेतकऱ्यांना 80 टक्के आणि इतरांना 75 टक्के अनुदान आहे, पण आधी संच स्वतःच्या पैशाने घ्यायचा, मग तपासणी, मग खात्यात रक्कम. ज्याच्याकडे आधी घालायला पैसा आहे, त्यालाच सरकारचा पैसा मिळतो. हातउसने घेऊन संच बसवणाऱ्याचं अनुदान व्याजातच जातं.

आणि बायका. निंदणात, वेचणीत, सोंगणीत बाईचे हात सर्वांत जास्त, सातबाऱ्यावर तिचं नाव सर्वांत कमी. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, नवऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. सरकारच्या सक्तीशिवाय शेतकऱ्यांनी ते केलं, याचं मोल मोठं आहे. 2025 मध्ये महसूल खात्याने जिवंत सातबारा मोहीम काढून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला घेतली, तेही योग्यच. पण नाव लागल्यावर काय होतं ते बघा: लाडकी बहीण योजनेत दीड हजार मिळणाऱ्या बाईला शेतकरी सन्मानाच्या दोन्ही योजनांचे मिळून महिन्याला हजार मिळत असतील, तर लाडकी बहीणचे पाचशेच मिळतात. शेतकरी म्हणून मिळणारा पैसा बहीण म्हणून मिळणाऱ्या पैशातून वजा होतो. ती राबते ते कुठेच धरलं जात नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते देशात झालेही आहेत. पश्चिम बंगालने 1978 पासून बर्गादारांची गावोगाव नोंद केली, 14 लाखांहून अधिक वाटेकऱ्यांची. तेलंगणाने 2018 मध्ये रयतु बंधू आणलं, एका हंगामाला एकरी चार हजार; पण पैसा मालकाला, कितीही एकर असले तरी, आणि कौलदारांना काही नाही. त्याच वर्षाच्या शेवटी ओडिशाने कालिया योजना जाहीर केली आणि तिच्यात वाटेकरी आणि भूमिहीन शेतमजूर घरंही धरली. आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये पीक कसणाऱ्यांसाठी अकरा महिन्यांचं ओळखपत्र आणलं. मालकी हक्काला धक्का नाही, फक्त पिकावरचा हक्क. त्यात मालकाच्या सहीची अट ठेवली आणि तिथेच ते अडखळलं. म्हणून महाराष्ट्राने आंध्राची चांगली बाजू घ्यावी आणि सहीची अट सोडावी. युरोपातही हा वाद जुना आहे. तिथल्या थेट अनुदानाचा सुमारे 80 टक्के पैसा 20 टक्के लाभार्थ्यांकडे जातो, हे युरोपीय आयोग स्वतः सांगत आला आहे. 2013 च्या सुधारणेत त्यांनी ‘सक्रिय शेतकरी’ अशी अट घातली आणि विमानतळ, रेल्वे, जमीनजुमल्याच्या कंपन्या, क्रीडांगणं यांना यादीतून काढलं. प्रत्यक्ष शेती कोण करतं, हे विचारल्याशिवाय अनुदान न्याय्य होत नाही, एवढं त्यांनाही कळून चुकलं.

महाराष्ट्राला नवं खातं काढायची गरज नाही. ई-पीक पाहणीत ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ हा जुना रकाना परत आणावा. त्या नोंदीने कुळाचा हक्क निर्माण होणार नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहावं, म्हणजे मालकाची भीती जाईल. ग्रामसभेत हंगामाच्या सुरुवातीला ती यादी वाचावी. कोणतं वावर कोण करतं, हे धनजमध्ये काय आणि कुठल्याही गावात काय, सगळ्यांना माहीत असतं. पीक विमा, अतिवृष्टीची मदत, भावाच्या फरकाचं अर्थसाहाय्य, म्हणजे जो पैसा पिकाच्या नुकसानीपोटी येतो, तो त्या रकान्यातल्या नावाला द्यावा. किसान सन्मान मालकाकडे राहिला तरी माझी हरकत नाही. नुकसान ज्याचं, भरपाई त्याची, एवढंच मागणं आहे. आणि आत्महत्येच्या मदतीतली जमिनीची अट आजच काढावी.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर एक विनंती या अंकाच्या वाचकांना आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण पुण्या-मुंबईत, नागपुरात, अमरावतीत राहता आणि गावी तुमच्या नावे दोन-चार एकर वावर आहे, ते दुसरं कुणीतरी करतं. या दिवाळीत गावी जाल तेव्हा मागच्या दोन वर्षांत विम्याची, अतिवृष्टीची, सोयाबीन-कापसाच्या अर्थसाहाय्याची रक्कम तुमच्या खात्यात आली का, बँकेच्या पुस्तकात बघा. आली असेल तर ज्याने ते पीक पेरलं होतं त्याच्या हातात ती द्या.